कमी बोलणाऱ्या माणसांचा कादंबरीकार : पीटर टेंपल

२०१० सालच्या जून महिन्यात ऑस्ट्रेलियातील माइल्स फ्रँकलिन पुरस्कार पीटर टेंपल यांच्या 'ट्रुथ' या कादंबरीला जाहीर झाला. या पुरस्काराचे त्या देशातील स्थान लक्षात घेतल्याशिवाय त्या घटनेचे महत्त्व कळणार नाही. 'माय ब्रिलियंट करिअर' (१९०१) या कादंबरीमुळे प्रसिद्ध झालेल्या माइल्स फ्रँकलिन १९५४ साली वारल्या. हयातभर काटकसर करून साठवलेला पैसा त्यांनी मृत्युपत्राद्वारे एका वाङ्मयीन पुरस्कारासाठी ठेवला. कादंबरी उच्च वाङ्मयीन दर्जाची असावी आणि तिच्यात ऑस्ट्रेलियन जीवनाचे कोणत्या ना कोणत्या अंगाने दर्शन घडावे, एवढीच त्यांची अट होती. १९५७ साली पहिला पुरस्कार पॅट्रिक व्हाइट यांच्या 'व्हॉस'ला मिळाला. पुढे १९७३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. अशा परंपरेत त्रेपन्न वर्षांनी प्रथमच एक गुन्हेगारी कादंबरी येऊन बसली. प्रेत, पोलिस, संशयित आणि तपास ही जिची उघड सामग्री आहे, अशी ही कादंबरी होती.

अशा प्रसंगी समीक्षेचा एक ठरलेला पवित्रा असतो. लेखक 'रहस्यकथेच्या मर्यादा ओलांडून' साहित्यात आला, असे म्हटले जाते. म्हणजे तो आधी बाहेर ओटीवर होता आणि आता त्याला माजघरात घेतले आहे. मराठी वाचकाला ही वाङ्मयीन वर्णव्यवस्था अपरिचित नाही. टेंपल यांच्या बाबतीत मात्र हे वर्णन लागू पडत नाही, असे मला वाटते. त्यांनी गुन्हेगारी कादंबरीची चौकट शेवटपर्यंत सोडली नाही. त्या चौकटीत 'तपास' नावाची जी क्रिया आहे, तीच त्यांनी इतकी खोल नेली की एका माणसाच्या खुनाचा शोध घेता घेता एक समाज स्वतःपासून काय लपवतो आहे, तेही उघड व्हावे. या लेखात त्यांच्या कारकिर्दीकडे याच दृष्टीने पाहायचे आहे.

*

टेंपल यांच्याआधी ऑस्ट्रेलियात गुन्हेगारी कादंबरी नव्हती असे नाही. उलट ती तेथे फार लवकर जन्मली. फर्गस ह्यूम या न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या तरुणाने १८८६ साली मेलबर्नमध्ये 'द मिस्टरी ऑफ अ हॅन्सम कॅब' ही कादंबरी स्वतःच्या खर्चाने छापली. शेरलॉक होम्स अजून अवतरायचा होता; तो आला पुढच्या वर्षी. ह्यूमने कादंबरीचे हक्क अवघ्या पन्नास पौंडांना विकून टाकले आणि मग ती लंडनमध्ये लाखोंनी खपली. त्यानंतर इंग्लंडहून आलेल्या आर्थर अपफील्ड यांनी १९२९ पासून नेपोलियन बोनापार्ट ऊर्फ 'बोनी' या अर्ध-आदिवासी गुप्तहेराच्या कथा लिहिल्या. १९८० साली पीटर कॉरिस यांच्या 'द डाइंग ट्रेड'मधून सिडनीचा खासगी गुप्तहेर क्लिफ हार्डी आला. कॉरिस हे मूळचे इतिहासाचे अभ्यासक. सॉलोमन बेटांवरून मळ्यांवर नेलेल्या मजुरांचा इतिहास हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. इतिहास सोडून ते गुन्ह्याकडे वळले असे म्हणता येईल. पण त्या देशात या दोन विषयांमधले अंतर फारसे नाही.

पुढे १९९६ मध्ये गुन्हेगारी लेखनासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू झाले आणि त्यांना नाव दिले गेले नेड केली याचे. तीन पोलिसांना ठार मारणाऱ्या टोळीचा हा म्होरक्या ११ नोव्हेंबर १८८० रोजी मेलबर्नच्या तुरुंगात फासावर गेला आणि कालांतराने लोकनायक झाला. गुन्हेगार कोण आणि कायदा कोणाचा, याविषयी ऑस्ट्रेलियाच्या मनात पहिल्यापासून किती गोंधळ आहे, हे या एका नावावरूनही दिसावे.

त्याच १९९६ साली पीटर टेंपल यांची पहिली कादंबरी 'बॅड डेट्स' प्रसिद्ध झाली. तेव्हा ते पन्नास वर्षांचे होते.

*

टेंपल यांचा जन्म १९४६ साली दक्षिण आफ्रिकेत झाला. तेथे त्यांनी पत्रकारिता केली, पत्रकारिता शिकवलीही. वर्णभेदाच्या राजवटीत कायदा म्हणजे काय आणि तो राबवणारे हात कसे असतात, हे त्यांनी जवळून पाहिले होते. १९७७ मध्ये त्यांनी तो देश सोडला. काही काळ जर्मनीत, हॅम्बुर्गमध्ये काढून ते १९८० च्या सुमारास ऑस्ट्रेलियात आले. सिडनीत वृत्तपत्रात नोकरी, मग अध्यापन, त्यानंतर मेलबर्नमध्ये 'ऑस्ट्रेलियन सोसायटी' या नियतकालिकाचे संपादन, पुढे आरएमआयटी या संस्थेत लेखन व संपादन यांच्या अभ्यासक्रमाची उभारणी, असा त्यांचा प्रवास झाला. नव्वदच्या दशकात नोकरी सोडून ते पूर्ण वेळ लेखनाकडे वळले. मेलबर्नच्या पश्चिमेला असलेले बॅलरट हे सोन्याच्या खाणींसाठी एकेकाळी गाजलेले गाव त्यांचे कायमचे घर झाले.

या चरित्रातील दोन गोष्टी त्यांच्या कादंबऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे, कादंबरीकार होण्यापूर्वी ते अनेक वर्षे संपादक होते. दुसऱ्याच्या मजकुरातले फालतू शब्द काढून टाकण्यात ज्याची उमेद गेली, त्याचा हात स्वतःच्या वाक्यावरही तितकाच निर्दय चालतो. दुसरी गोष्ट म्हणजे ते परके होते. आपण ज्या भाषेत वाढतो तिचे बोलणे आपल्याला ऐकू येते, पण तिचे गप्प बसणे ऐकू येत नाही. टेंपल यांना ऑस्ट्रेलियन पुरुषांचे गप्प बसणे ऐकू आले. ह्यूम आणि अपफील्ड हेही बाहेरून आलेले होते, हा योगायोग म्हणून सोडून देता येईल; पण प्रत्येक पिढीत कुणीतरी नवखाच या घराच्या बंद खोलीचे दार ठोठावतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

*

'बॅड डेट्स'चा नायक जॅक आयरिश हा वकील. एका अशिलाने त्याच्या पत्नीचा खून केल्यानंतर त्याच्या आयुष्याची घडी विस्कटलेली आहे. तो आता कर्जबुडव्यांना आणि हरवलेल्या साक्षीदारांना शोधून काढण्याची कामे करतो, घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावणाऱ्या एका मातब्बर जुगाऱ्याला मदत करतो आणि उरलेल्या वेळात चार्ली टाउब या वृद्ध कारागिराच्या हाताखाली सुतारकामाची उमेदवारी करतो. संध्याकाळी ज्या पबमध्ये तो बसतो, तेथे फिट्झरॉय फुटबॉल क्लबचे म्हातारे चाहते जुन्या सामन्यांच्या आठवणी काढत असतात.

हा तपशील केवळ रंगत आणण्यासाठी नाही. फिट्झरॉय ही मेलबर्नमधील कामगारवस्ती; तिचा क्लब १८८३ साली स्थापन झालेला. १९९६ च्या १ सप्टेंबरला त्या क्लबने शेवटचा सामना खेळला आणि नंतर तो ब्रिस्बेनच्या क्लबमध्ये विलीन झाला. म्हणजे ज्या वर्षी कादंबरी आली, त्याच वर्षी तिच्यातील म्हाताऱ्यांचा देव गेला. व्हिक्टोरिया राज्यात तेव्हा खासगीकरणाचे वारे जोरात होते. सरकारी मालमत्ता विकल्या जात होत्या, नदीकाठी कॅसिनो उभा राहत होता, गोदीच्या पडीक जमिनींवर बिल्डरांचे लक्ष गेले होते. 'बॅड डेट्स'मधील गुन्ह्याच्या मुळाशी अशीच एक जमीन आहे. सरकारी घरांची एक वस्ती बंद करू नये म्हणून लढणारी एक कार्यकर्ती मोटारीखाली सापडून मरते, एका दारुड्याला त्याबद्दल शिक्षा होते, आणि अनेक वर्षांनी तो दारुडा जॅकला शोधत येतो. त्याच्या खटल्यात वकील म्हणून जॅकच उभा होता आणि तेव्हा त्याने कामात कसूर केली होती. शीर्षकातील बुडीत कर्ज हे असे आहे. तपास करणारा स्वतः देणेकरी आहे.

जॅक आयरिशच्या चार कादंबऱ्या झाल्या : 'बॅड डेट्स', 'ब्लॅक टाइड' (१९९९), 'डेड पॉइंट' (२०००) आणि 'व्हाइट डॉग' (२००३). २०१२ पासून त्यांवर दूरचित्रवाणीपट निघाले आणि गाय पियर्स या नटाने जॅकला चेहरा दिला. याच काळात टेंपल यांनी स्वतंत्र कादंबऱ्याही लिहिल्या. 'ॲन आयर्न रोझ' (१९९८) मध्ये पोलिसांतून बाहेर पडलेला नायक खेड्यात लोहारकाम करतो. 'इन द इव्हिल डे' (२००२) तर थेट हॅम्बुर्गमध्ये घडते आणि तिच्यात दक्षिण आफ्रिकेचा एक भाडोत्री सैनिक आहे. मागे सोडलेले दोन्ही देश या एकाच पुस्तकात भेटतात.

सुतार, लोहार, पुढे घर बांधणारा आणि झाडे लावणारा : टेंपल यांच्या नायकांच्या हाताला सतत काहीतरी काम असते. ज्या जगात पैसा अदृश्य हातांनी फिरतो आणि माणसे कागदावर नाहीशी होतात, तेथे लाकडाचा सांधा नीट बसला की नाही, एवढीच गोष्ट खात्रीने सांगता येते. या कादंबऱ्यांतील नीतिमत्ता उपदेशात नाही, ती अशा कामात आहे.

*

'द ब्रोकन शोअर' (२००५) ही माझ्या मते टेंपल यांची सर्वांत परिपूर्ण कादंबरी. तिला २००७ मध्ये ब्रिटनच्या गुन्हेगारी लेखक संघटनेचा सर्वोच्च 'डॅगर' मिळाला. तो मिळवणारे ते पहिले ऑस्ट्रेलियन लेखक.

मेलबर्नच्या खून-तपास पथकात जबर जखमी झालेला जो कॅशिन आपल्या मूळ गावाकडे, व्हिक्टोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, एका लहान ठाण्याचा प्रमुख म्हणून आला आहे. पूर्वजाच्या पडक्या घराचे दगड तो एका फिरस्त्या मजुराच्या मदतीने पुन्हा रचतो आहे. सोबत दोन कुत्री आहेत. अशात परिसरातील एका धनाढ्य, दानशूर म्हाताऱ्यावर त्याच्याच घरात प्राणघातक हल्ला होतो. त्याचे घड्याळ विकू पाहणाऱ्या तीन आदिवासी मुलांवर संशय जातो. पावसाळी रात्री त्यांची गाडी अडवण्याची कारवाई होते आणि तिच्यात दोन मुले मरतात. तिसरा जामिनावर सुटतो आणि पुढे त्याचेही प्रेत समुद्रात सापडते. गावाच्या दृष्टीने प्रकरण मिटलेले असते.

कादंबरीतील गावे काल्पनिक आहेत, पण तो किनारा खरा आहे. एकोणिसाव्या शतकात याच प्रदेशात गुंडिच्मारा या मूळ रहिवाशांशी गोऱ्या वसाहतवाल्यांचा दीर्घ संघर्ष झाला. पोर्टलँडजवळील 'कन्व्हिन्सिंग ग्राउंड' येथे १८३० च्या दशकात हत्याकांड घडल्याचे सांगितले जाते. हा इतिहास पुढे पाठ्यपुस्तकांतून जवळजवळ नाहीसा झाला. मानववंशशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. एच. स्टॅनर यांनी १९६८ च्या आपल्या आकाशवाणी व्याख्यानांत या विसरण्याला राष्ट्रीय मौनाचे नाव दिले होते. त्यानंतर १९८७ ते १९९१ या काळात कोठडीतील आदिवासींच्या मृत्यूंची चौकशी करण्यासाठी राजआयोग बसला. त्याने ९९ मृत्यू तपासले आणि ३३९ शिफारशी केल्या. तरीही मृत्यू थांबले नाहीत. 'द ब्रोकन शोअर' प्रसिद्ध होण्याच्या आदल्याच वर्षी, २००४ मध्ये, क्वीन्सलँडच्या पाम बेटावर असाच एक मृत्यू होऊन दंगल उसळली होती. हे संदर्भ कादंबरीत कोणी सांगत बसत नाही. ठाण्यातल्या एखाद्या शेऱ्यात, दुकानदाराच्या नजरेत ते आपोआप येतात.

रहस्य फोडल्याचा दोष पत्करून पुढचे सांगायला हवे. कॅशिनचा तपास शेवटी त्या दानशूर म्हाताऱ्याकडेच परत येतो. निराधार मुलांसाठी चालवलेल्या शिबिरांच्या आड काय चालत असे, ते उघड होते. गावाने ज्यांना गुन्हेगार मानले ती मुले या गुन्ह्यात नव्हतीच. आणि ज्याच्यासाठी गाव हळहळले, त्याचे खरे रूप अनेकांना माहीत असूनही कोणी बोलले नव्हते. आदिवासींविषयीचे मौन आणि मुलांविषयीचे मौन ही एकाच भिंतीची दोन तोंडे ठरतात.

पुस्तक आले २००५ मध्ये. संस्थांमधील बाललैंगिक अत्याचारांची चौकशी करणारा राजआयोग ऑस्ट्रेलियात २०१३ मध्ये स्थापन झाला आणि त्याचा अंतिम अहवाल डिसेंबर २०१७ मध्ये आला. ज्या गावांचा त्याने विशेष अभ्यास केला, त्यांत टेंपल यांचे बॅलरटही होते. कादंबरीकार द्रष्टा असतो वगैरे म्हणण्याची येथे गरज नाही. जे बऱ्याच लोकांना ठाऊक होते, ते त्याने आठ वर्षे आधी कागदावर आणले, इतकेच.

*

'ट्रुथ' (२००९) चा नायक स्टीफन व्हिलानी हा खून-तपास पथकाचा प्रमुख. मेलबर्नच्या एका अलिशान नव्या इमारतीत तरुण मुलीचे प्रेत सापडते. दुसरीकडे गुंडांची छळ करून हत्या झालेली असते. इमारतीच्या मालकांना, राजकारण्यांना आणि पोलिसांतल्याच वरिष्ठांना तपास फार लांब जायला नको आहे. त्याच वेळी व्हिलानीचा संसार मोडतो आहे, धाकटी मुलगी रस्त्यावर भरकटली आहे, आणि गावाकडे म्हातारा बाप येणाऱ्या वणव्याची वाट पाहत बसला आहे. बापलेकांनी मिळून वर्षानुवर्षे लावलेले एक जंगल तेथे आहे. त्या दोघांमध्ये प्रेमाचा शब्द कधी उच्चारला गेलेला नाही. जे काही होते ते त्या झाडांत आहे.

कादंबरी आली त्याच वर्षी, ७ फेब्रुवारी २००९ रोजी, व्हिक्टोरियात लागलेल्या वणव्यांत १७३ माणसे मेली होती. वाचकाच्या नाकातून धूर अजून गेला नव्हता. अशा वेळी आगीसमोर शेजारी उभे राहिलेले बाप आणि मुलगे वाचताना गुन्ह्याचा छडा ही गोष्ट क्षणभर दुय्यम होते. पण ती दुय्यम ठेवून टेंपल थांबत नाहीत. व्हिलानीने तरुणपणी सहकाऱ्यासाठी सांगितलेले एक खोटे त्याच्या पाठीशी आहे. सत्य शोधण्याची नोकरी करणाऱ्या माणसाची कारकीर्द ज्या पायावर उभी आहे, त्या पायातच असत्य आहे. जॅक आयरिशच्या बुडीत कर्जापासून निघालेला धागा येथे पुरा होतो.

आणि हे सारे सांगणारी ती भाषा. टेंपल यांचे संवाद अर्धवट असतात. प्रश्नाला उत्तर येत नाही, दुसराच प्रश्न येतो. कर्ता गाळलेला, क्रियापद गाळलेले. कोण बोलतो आहे हे वाचकाने ओळखायचे. पहिली पन्नास पाने वाचताना आपण परक्या ठाण्यात उभे आहोत असे वाटते. हळूहळू लक्षात येते की ही माणसे महत्त्वाचे तेवढे गाळूनच बोलतात. ज्या समाजाला आपल्या भूतकाळाविषयी बोलता येत नाही, त्यातला बापही मुलाशी बोलू शकत नाही. टेंपल यांच्या वाक्यरचनेत हे दोन्ही अबोले एकत्र येतात.

या कादंबऱ्यांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. हे पुरुषांचे जग आहे. 'ट्रुथ'मधील स्त्रिया बहुधा प्रेत, पत्नी, प्रेयसी किंवा मुलगी एवढ्याच नात्याने येतात. 'द ब्रोकन शोअर'मधील आदिवासी मुले आपल्याला गोऱ्या पोलिसाच्या अपराधी मनातून दिसतात. त्यांची बाजू त्यांच्या तोंडून ऐकू येत नाही. पॉल डव्ह हा आदिवासी पोलिस अधिकारी ही कसर काही प्रमाणात भरून काढतो, पण पूर्णपणे नाही. मौनाची कादंबरी लिहिणाऱ्यालाही काही मौने ओलांडता आली नाहीत, असे म्हणावे लागते.

*

पाच नेड केली पुरस्कार, एक डॅगर, एक माइल्स फ्रँकलिन. आणि हे सारे पन्नाशीनंतर, अवघ्या चौदा वर्षांत. 'ट्रुथ'नंतर मात्र टेंपल यांची नवी कादंबरी आली नाही. ८ मार्च २०१८ रोजी, बहात्तरावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, ते बॅलरट येथे कर्करोगाने वारले. २०१९ मध्ये 'द रेड हँड' हा त्यांच्या संकीर्ण लेखनाचा संग्रह निघाला. त्यात जॅक आयरिशच्या एका अपुऱ्या कादंबरीची पाने आहेत. दरम्यान २०१५ मध्ये मायकल रोबोथम आणि २०१७ मध्ये जेन हार्पर या ऑस्ट्रेलियन लेखकांना तोच ब्रिटिश डॅगर मिळाला. हार्पर यांच्या 'द ड्राय'मध्येही दुष्काळाने करपलेले गाव आहे आणि गावाने वर्षानुवर्षे जपलेले एक खोटे आहे. वाट टेंपल यांनी रुळवली होती.

पोलिसांच्या दृष्टीने तपास म्हणजे फाइल बंद करण्याची कला. टेंपल यांच्या कादंबऱ्यांत नेमक्या बंद झालेल्या फायली उघडतात, आणि ज्याच्या हातून त्या उघडतात त्याचे स्वतःचे नावही आत कुठेतरी निघते. माइल्स फ्रँकलिन यांच्या मृत्युपत्रातील अटीत ऑस्ट्रेलियन जीवनाचे कोणतेही अंग चालणार होते. त्यातले एक अंग, ज्याविषयी न बोलण्याचा सर्वांचा जणू करार होता, ते दाखवणारी कादंबरी पोलिस ठाण्यातून यावी, यात खरे तर आश्चर्य वाटण्यासारखे काही नव्हते. कबुलीजबाब नोंदवण्याची जागा तीच आहे.